माटोळीला बांधतात ते सगळं कोंबुचात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंबुचा, म्हणजे साखर घालून आंबवलेला चहा, ही गोष्ट काही वर्षांमागे हरमल, मांद्रे, हणजूण इकडच्या कॅफेत मिळायची, विदेशी लोक प्यायचे आणि आपण त्या बाटल्या बघून पुढे जायचो. आता तसं नाही राहिलं. डिचोली, सांखळी, फोंडा, केपे, कुठेही विचारा, कोणाच्या तरी स्वैपाकघरात काचेच्या बरणीत चहा आंबत ठेवलेला असतोच आणि पूर्वी विरजण मागून न्यायचे तशी स्कोबी, म्हणजे कोंबुचाचं विरजण असलेली जाड साय, या घरातून त्या घरात जाते. मला याचा आनंदच आहे. मी स्वतः बरीच वर्षं घरी कोंबुचा करते, आमच्या वाड्यावरच्या बायकांना शिकवते पण, त्यामुळे हे पत्र कोंबुचाच्या विरोधात नाही हे आधीच सांगून टाकते.

पण हल्ली जो रानऔषधी कोंबुचा म्हणून प्रकार सुरू झालाय ना, त्याने मला खरंच काळजी वाटायला लागलीय. रेसिप्या फिरतायत, की चहा पावडर अजिबात नको, त्याऐवजी गुळवेल, अडुळसा, निर्गुडी, अनंतमूळ, जे काय पावसात उगवलंय ते मूठमूठ घेऊन उकळा, साखर घाला, स्कोबी सोडा, दहा दिवसांनी रोज ग्लासभर प्या, शुगर जाते, सांधे मोकळे होतात, लिव्हर साफ होतं. मूठ म्हणजे किती, पान की मूळ, कोणी पिऊ नये, काही म्हणजे काही लिहिलेलं नसतं. आणि आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलीय, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं, फुलं, वेली बांधून करतात त्या आरासीचं, सामान बाजारात येणार, त्यात मागे एका ठिकाणी मी चक्क ऐकलं की माटोळीला जे बांधतात ते सगळं औषधीच असतं म्हणून त्याचा कोंबुचा करूया. हे ऐकल्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं.

आधी बरणीत नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळतं. आपल्या गोव्यातल्या माणसाला हे समजणं कठीण नाहीच. रेंदेर माडावरून सूर काढतो, ती गोड असते, थोड्या वेळात फेसाळते आणि चढायला लागते कारण यीस्टने साखरेचा अल्कोहोल केला, आणि तीच तशीच ठेवली की काही दिवसांनी आंबट होऊन तिचं व्हिनेगर होतं कारण हवेत जगणाऱ्या बॅक्टेरियांनी अल्कोहोलचं आम्ल केलं. कोंबुचात हीच दोन कामं एकाच बरणीत एकाच वेळी चालतात. यीस्ट साखर फोडतं, बॅक्टेरिया अल्कोहोलचं अॅसेटिक आम्ल करतात, आणि वर जी जाड पांढरट साय तरंगते तो त्याच बॅक्टेरियांनी विणलेला सेल्युलोज. हे आम्लच आपलं रक्षण करतं. चहाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, जेव्हा ४.२ च्या खाली जातो तेव्हा आजार करणारे बहुतेक जंतू त्यात वाढू शकत नाहीत, आणि तयार कोंबुचा साधारण २.५ ते ३.५ मध्ये असतो. म्हणजे सगळा खेळ हा आहे की पहिल्या दिवसांत आंबटपणा लवकर यायला पाहिजे.

म्हणून माझा पहिला आग्रह, पहिलं आंबवणं फक्त चहा आणि साखरेवर करा, त्यात दुसरं काही नको. दोन लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम पांढरी साखर, चार चमचे चहा, उकळून दहा मिनिटं ठेवून गाळायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, गरम पाण्यात स्कोबी टाकली तर ती मरते, आणि मग आधीच्या घाण्यातला आंबट कोंबुचा निदान दोनशे मिली त्यात घालायचा. हा आंबट कोंबुचा फार महत्त्वाचा, लोक नुसती साय आणून टाकतात आणि मग पहिले चार दिवस बरणीत गोड चहा तसाच राहतो, त्यावर बुरशी येणार नाहीतर काय. आपल्या पावसाळ्यात तर भिंतीला बुरशी येते. वर घट्ट विणीचं सुती कापड रबराने बांधायचं, जाळीदार मलमल चालत नाही कारण चिलटं आत जाऊन अंडी घालतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पाच-सहा दिवसांत होतो, डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवस लागतात, चव घेऊन बघायचं. आणि पीएचचे कागद लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे स्वस्तात मिळतात ते आणून ठेवा, नुसत्या जिभेवर विसंबू नका. सायीवर कोरडी, केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर वरवर काढून बाकीचं वापरायचं नाही, साय, पाणी सगळं टाकायचं.

चहा का पाहिजे, तर या जंतूंना नुसती साखर पुरत नाही, चहाच्या पानातले नायट्रोजनवाले घटक त्यांना लागतात. आणि तुळस, ओवा, लवंग, दालचिनी, तेफळ (तिरफळ), निलगिरी, असल्या वासाच्या वनस्पतींमध्ये जे तेल असतं ते जंतू मारणारंच असतं, म्हणून तर आपण ती खोकल्याला, पोटाला वापरतो. ती पहिल्याच घाण्यात घातली की स्कोबी मंद होते, आंबटपणा उशिरा येतो, आणि मधल्या दिवसांत भलतंच काहीतरी वाढायला मोकळं रान मिळतं. म्हणजे औषध म्हणून घातलेल्या पाल्यानेच ते पेय असुरक्षित होतं, हे लोकांना सांगितलं की ते थक्क होतात.

मग आपली झाडंपेडं घालायचीच नाहीत का? घालायची की! पण स्कोबी काढून घेतल्यावर, बाटलीत, दुसऱ्या वेळी. आणि इथेच गोव्याचा कोंबुचा जगातल्या कुठल्याही कोंबुचापेक्षा सरस होऊ शकतो असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात ताज्या भिरंडाच्या (कोकमाच्या) तीन-चार साली एका लिटरला घाला, रंग बघूनच माणूस खूश होतो. पावसात मीठ न लावलेली सोलं चालतात, आगळ मात्र नको कारण त्यात मीठ असतं. करवंदं, जांभळं, चवथीच्या वेळचे आंबाडे ठेचून, गवती चहाची पात, आल्याचा तुकडा, दासवणाच्या (जास्वंदीच्या) लाल पाकळ्या, हे सगळं सुंदर लागतं. तेफळाची दोन सालं पुरे, बी काढून, जास्त घातली तर जीभ बधिर होते. तुळस इथे घातली तरी चालते, कारण आता पेय आंबट झालंय आणि स्कोबी बाजूला आहे. एक-दोन दिवस बाहेर आणि मग थेट फ्रीज.

बाटलीचं मात्र ऐका. झाकण लावल्यावर आत गॅस साठतो, फळावर स्वतःचं रानटी यीस्ट असतं त्यामुळे जांभूळ आणि करवंद घातलेली बाटली आल्याच्या बाटलीपेक्षा लवकर फुगते, आणि काजूच्या बोंडूचा रस घातला तर विचारूच नका, ज्यांच्या घरी भट्टी आहे त्यांना ठाऊक आहे की बोंडूचा रस थांबत नाही, साखर भरपूर आणि यीस्ट भरपूर. शोभेच्या चौकोनी बाटल्या गॅसचा दाब सहन करत नाहीत, फुटून काचा डोळ्यात गेल्या म्हणजे काय करणार. सोड्यासाठी बनवलेली जाड गोल बाटलीच घ्या, वर तीन-एक सेंटीमीटर जागा सोडा, आणि त्याच घाण्यातला थोडा कोंबुचा एका छोट्या प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरून बाजूला ठेवा, ती दाबून कडक लागली की बाकीच्या पण तयार, लगेच फ्रीजमध्ये.

आता माटोळीचं. माटोळी ही आपली केवढी मोठी गोष्ट आहे, आपल्या रानातली किती झाडं, वेली, फळं आपल्या मुलांना फक्त त्यामुळे बघायला मिळतात, त्यांची नावं टिकून आहेत ती माटोळीमुळे. पण ती देवासाठी बांधलेली निसर्गाची आरास आहे, ती खाण्याची यादी नव्हे. तिच्यात आंबाडे, तोरिंजन, नारळ, सुपारी आहे तसंच कवंडळ पण आहे, ज्याचं लालभडक फळ दिसायला देखणं पण विषारी आणि कडू, नागलकुड्याची जोडफळं आहेत ती पण खायची नसतात, आणि वाघनखीची फुलं असतात, म्हणजे कळलावी, तिच्यात मुळापासून बियांपर्यंत कोल्चिसीन नावाचं जालीम विष असतं. जुन्या बायकांना हे सांगावं लागत नव्हतं, त्यांना कुठलं फळ बांधायचं आणि कुठलं ताटात वाढायचं हे माहीत होतं. आता आपण बाजारातून तयार जुडी आणतो, नाव माहीत नसतं, आणि त्यातलं काहीतरी बरणीत टाकायचं म्हणजे जिवाशी खेळ आहे. तीच गोष्ट काजऱ्याची, त्याच्या बीत स्ट्रिकनीन असतं, पिवळी कण्हेर हृदय बंद पाडते, धोतरा, गुंज, एरंडाच्या बिया, सगळं आपल्या कुंपणाला आणि भाटात (बागायतीत) असतं. आणि आंबवलं की विष जातं असा जो समज आहे तो साफ चुकीचा आहे. स्कोबीतले जंतू साखर खातात, कोल्चिसीन किंवा कण्हेरीतलं विष त्यांच्याने नाहीसं होत नाही, उकळून पण जात नाही.

बरं विषारी झाडं राहू दे बाजूला, रोजच्या खाण्यातली झाडं पण प्रमाणाबाहेर गेली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. बिंबलं, ती हिरवी आंबट फळं. आपण हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, दोन-चार घालतो, खारात घालतो, कधी कोणाला काही झालं नाही. केरळात लोकांनी कोलेस्ट्रॉल कमी होतं म्हणून त्याचा रस काढून पिला आणि १० जणांची किडनी अचानक बिघडली, डॉक्टरांनी त्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. बिंबलात ऑक्झॅलेट खूप असतं, रस काढला की ते एकदम पोटात जातं आणि किडनीत त्याचे खडे-कण बसतात. काळ्या चहात पण ऑक्झॅलेट असतं, म्हणजे बिंबलांचा रस घातलेला कोंबुचा रोज ग्लास ग्लास पिणं हे दोन्हीकडून ओझं झालं. करमल (स्टारफ्रूट) तर किडनीच्या पेशंटने अजिबात खाऊ नये, डायलिसिसवरच्या माणसांना करमल खाऊन उचक्या, भ्रम, फिट येऊन मृत्यू झालेत. म्हणून बिंबलं आणि करमलं मी कोंबुचात घालत नाही आणि दुसऱ्यांना पण घालू देत नाही, हुमणात घाला, लोणचं करा.

गुळवेलीचं पण सांगायला पाहिजे कारण कोरोनापासून ती घराघरात आलीय. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, त्यांचं म्हणणं गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असेल. माझं म्हणणं असं की यात कोण बरोबर ते राहू दे, दोन्ही बाजूंनी आपल्याला एकच गोष्ट कळते, कुंपणावरची वेल ओळखता येत नसेल आणि प्रमाण माहीत नसेल तर ती बरणीत घालू नये. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं, वैद्य पण गरोदर बाईला देताना विचार करतात, आणि आपण तो कोंबुचात घालून घरातल्या सगळ्यांना वाटायचा? काढा वैद्य देतो तेव्हा माणूस बघून, मोजून, ठरावीक दिवस देतो. कोंबुचा आपण तहान लागली म्हणून पितो. औषध आणि सरबत यातला हा फरक मिटवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्यापुरता मी नियम केलाय, जी वनस्पती आमच्या घरात जेवणात कधी आलीच नाही ती बाटलीत येणार नाही, आणि जेवणात येते तेवढ्याच प्रमाणात येईल.

भांड्याबद्दल थोडक्यात. काचेशिवाय दुसरं काही नको. आजीची जुनी चिनी मातीची बरणी कितीही प्रिय असली तरी तिच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला अशा भांड्यात केलेल्या कोंबुचातून शिशाची विषबाधा झाल्याचं १९९८ मध्ये नोंदलं गेलंय. तांबं-पितळ तर नकोच नको, तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणून काही जण कोंबुचा पण त्यात ठेवतात, पाणी वेगळं आणि आम्ल वेगळं.

आणि हे जे शुगर जाते, कॅन्सर बरा होतो म्हणून सांगतात त्यांनी जरा थांबावं. कोंबुचावर माणसांवरचे चांगले मोठे अभ्यास जवळजवळ नाहीतच. २०२३ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या पेशंटवर एक झाला, चार आठवडे कोंबुचा पिऊन उपाशीपोटीची साखर उतरली, चांगली गोष्ट आहे, पण त्यात माणसं फक्त १२ होती. त्यावरून कोणी गोळ्या बंद केल्या तर? कोंबुचात साखर उरते, सगळी जंतू खात नाहीत. दुसरीकडे १९९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका रक्तात आम्ल वाढून गंभीर झाल्या, त्यातली एक गेली. कोंबुचामुळेच झालं हे सिद्ध झालं नाही, पण तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने तेव्हा सांगितलं होतं की निरोगी माणसाला दिवसाला १२० मिलीच्या आसपास घेतल्याने त्रास होऊ नये. म्हणजे अर्धा पेला. गरोदर बायका, लहान मुलं, किमो चालू असलेले, किडनी बदललेले, प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेणारे, यांना घरचा कच्चा कोंबुचा देऊच नये.

अल्कोहोलचा विषय लोक टाळतात पण टाळून चालणार नाही. आपल्या देशात ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असलं की ते पेय मद्यात मोजलं जातं. घरच्या बाटलीत, खास करून फळ घालून दोन दिवस बाहेर ठेवलेल्या, तो आकडा सहज ओलांडतो. अमेरिकेत २०१० मध्ये याच कारणाने मोठ्या दुकानांनी कोंबुचाच्या बाटल्या काढून ठेवल्या होत्या. आपल्याकडे कितीतरी घरं अशी आहेत जिथे दारूचा थेंब चालत नाही, धर्माने म्हणा, व्रताने म्हणा किंवा घरातला कोणी मोठ्या कष्टाने दारू सोडून बसलाय म्हणून. त्या माणसाला हेल्थ ड्रिंक म्हणून ही बाटली हातात देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जे विकतात त्यांनी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा यंत्रणेचं, रजिस्ट्रेशन तर करावंच, पण बाटलीवर काय काय घातलंय, कधी भरलंय, फ्रीजमध्येच ठेवा आणि थोडं अल्कोहोल असू शकतं हे मराठी-कोंकणीत लिहावं. एका जत्रेच्या स्टॉलवर मी बाटली उलटसुलट करून बघितली, वर फक्त जंगली हर्ब्ज एवढंच. कुठली ते विचारलं तर विकणाऱ्या मुलाला माहीतच नव्हतं.

शेवटचा मुद्दा रानाचा, आणि सत्तरीच्या बाजूची असल्यामुळे मला तो जास्त लागतो. अनंतमुळाचं पान कोणाला नको असतं, मूळ पाहिजे असतं, आणि मूळ काढलं की वेल गेली. ती हळू वाढते. घरच्यासाठी एखादं मूळ वेगळं आणि कॅफेच्या मेनूसाठी दर आठवड्याला पिशवीभर वेगळं. म्हादई अभयारण्यातून तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय काही काढताच येत नाही, पण आता गावातल्या पोरांना पैसे देऊन आणायला पाठवतात असं कानावर येतं. ज्यांना अनंतमूळ पाहिजेच त्यांनी रोप आणून कुंडीत, भाटात लावावं. भिरंड, करवंद, जांभूळ यांचं तसं नाही, फळ काढलं तरी झाड राहतं, दरवर्षी कितीतरी भिरंडं झाडाखाली कुजून जातात, ती वापरा की.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत रानभाज्यांवर, जुन्या पदार्थांवर किती छान मजकूर येतो, मी कात्रणं काढून ठेवते. म्हणून आपल्याकडे एक हक्काने मागते. वनस्पती घालून करायच्या कुठल्याही पेयाची कृती छापताना त्या झाडाचं आपल्याकडचं नाव, शास्त्रीय नाव, कुठला भाग, ग्रॅममध्ये किती आणि कोणी घेऊ नये एवढ्या ओळी लेखकाकडून लिहूनच घ्या, नाही दिल्या तर कृती छापू नका. आणि चवथीच्या आधीच्या रविवारी माटोळीच्या सामानाचा फोटो छापालच, तर त्यात कवंडळ, नागलकुडो, वाघनखी यांच्या फोटोखाली खाऊ नये असं ठळक अक्षरात टाका. ते पान आमच्या वाड्यावरच्या दुकानात चिकटवायचं काम माझं.

आपली नम्र,
एक वाचक, सत्तरी